पहिल्यांदाच सेलिंगच्या नॅशनल्स भरवताय? मग झेंडे नंतर आणा

दर वर्षी दोन-तीन फोन हमखास येतात. "दादा, यंदा आमच्या क्लबला नॅशनल्स घ्यायच्यात. ते झेंडे कुठे मिळतात हो?" झेंडे, भोंगा, करंडक, टी-शर्ट ही यादी सगळ्यांची तयार असते. मी विचारतो, "नोटीस ऑफ रेस, म्हणजे स्पर्धेच्या अटींचा कागद, कोण लिहितंय?" की पलीकडे शांतता.

खेळाडू म्हणून मी बेताचाच होतो. पण कमिटी बोटीवर, म्हणजे जिथून शिडाच्या होड्यांची शर्यत चालवतात त्या बोटीवर, आधी झेंडे ओढणारा पोऱ्या आणि पुढे शर्यत चालवणारा रेस ऑफिसर म्हणून बरीच वर्षं उन्हात घालवली आहेत. ज्यांनी क्लबच्या रविवारच्या शर्यती घेतल्यात पण राष्ट्रीय स्पर्धेला अजून हात घातलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं बहुतेक मुंबई बंदरातली आहेत, कारण माझं मीठ त्याच पाण्यातलं. धरणावर किंवा तलावावर जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगेन.

पायरी १ : 'राष्ट्रीय' हा शब्द मिळवा

शिडाच्या शर्यती जगभर वर्ल्ड सेलिंगच्या नियमपुस्तकावर चालतात. ते पुस्तक दर चार वर्षांनी बदलतं. सध्याचं १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे आणि २०२८ अखेरपर्यंत चालेल. क्लबच्या कपाटात २०२१ ची प्रत असेल तर ती आधी रद्दीत घाला. नव्या पुस्तकात प्रोटेस्ट (एका होडीने दुसरीविरुद्ध केलेली तक्रार) आणि सुनावणीचा भाग बराच नव्याने मांडला आहे, त्यामुळे जुने नियम क्रमांक तोंडपाठ असलेला माणूसच जास्त गोंधळ घालतो.

या पुस्तकातला ८९ वा नियम स्पर्धा कोण भरवू शकतो ते सांगतो. राष्ट्रीय संघटना स्वतः भरवू शकते, तिच्याशी संलग्न असलेला क्लब भरवू शकतो. एखाद्या होडीच्या प्रकाराची, म्हणजे क्लासची संघटना भरवणार असेल तर तिला राष्ट्रीय संघटनेची मान्यता लागते किंवा संलग्न क्लबला सोबत घ्यावं लागतं. आपल्याकडे ही राष्ट्रीय संघटना म्हणजे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया, बोलण्यात 'वायएआय'. तेव्हा पहिला प्रश्न साधा आहे: तुमचा क्लब संलग्न आहे का, आणि यंदाची वर्गणी भरली आहे का? हसू नका. वर्गणी थकल्याचं पत्र आल्यावर धावाधाव करणारे क्लब मी पाहिले आहेत.

मग क्रम असा ठेवा. आधी क्लास संघटनेशी बोला, म्हणजे ऑप्टिमिस्ट ही लहान मुलांची होडी असेल तर त्यांच्याशी, आयएलसीए ही एकट्याने चालवायची होडी असेल तर त्यांच्याशी. नंतर राज्य संघटनेला कळवा. मग वायएआयकडे लेखी प्रस्ताव पाठवा आणि स्पर्धा त्यांच्या वार्षिक कॅलेंडरमध्ये चढवून घ्या. कॅलेंडरमध्ये नाव येईपर्यंत पोस्टर छापू नका. मंत्री पाहुणे म्हणून येतायत म्हणून तारीख आधी आणि मान्यता मागाहून, असं करणाऱ्यांना दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं.

मान्यतेचा एवढा बाऊ कशाला, असं नव्या मंडळींना वाटतं. त्याचं उत्तर पालकांकडे आहे. या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे वाढीव गुण मागितले जातात, शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी अर्ज होतात, परदेशी स्पर्धांच्या निवडीत हे निकाल धरले जातात. मान्यता नसलेल्या 'नॅशनल'चं प्रमाणपत्र पडताळणीत अडकलं, तर ते मूल तुमच्या क्लबचं नाव आयुष्यभर काढेल.

प्रस्तावात आणखी एक गोष्ट वेगळी मागून घ्या. ज्या शर्यतीतून पुढची निवड ताबडतोब व्हायची आहे, किंवा जी स्पर्धा फक्त देशातल्या खेळाडूंची आहे, तिथे ज्युरीच्या, म्हणजे तक्रारी ऐकणाऱ्या पंचांच्या निर्णयावर अपील नाही असं ठरवता येतं. देशांतर्गत स्पर्धेसाठी मात्र राष्ट्रीय संघटनेची त्या विशिष्ट स्पर्धेपुरती मंजुरी लागते, आणि तसं नोटिशीत आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्येही, म्हणजे शर्यत कशी चालेल त्याच्या तपशीलवार सूचनांमध्येही, लिहावं लागतं. आपल्या मनाने लिहिलेलं 'ज्युरीचा निर्णय अंतिम राहील' हे वाक्य गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेला चालतं, इथे चालत नाही.

पायरी २ : तारीख पंचांग बघून काढा

हे गमतीने म्हणत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत अजून कामाला येते: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि तीही उधाणाची, चार मीटरच्या वर चढणारी. नेमकी वेळ अर्थात छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घ्यायची. पण सहा महिने आधी बैठकीत बसून तारखा काढताना पाऊणपटीचा हिशोब पुरतो.

शर्यतींना भांगाचे दिवस बरे, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपासचे. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढ सौम्य असते. उधाणात बंदरातल्या पाण्याची ओढ सहज दोन नॉटच्या घरात जाते. दोन नॉट म्हणजे मिनिटाला साठ मीटर. सुरुवातीच्या रेषेवर शीड फडफडवत उभी असलेली होडी काही न करता मिनिटात साठ मीटर सरकणार! दुपारची भरती आत, उत्तरेकडे ओढते आणि खारा वारा असतो वायव्येचा, म्हणजे पाणी होड्यांना रेषेच्या पलीकडेच ढकलतं. चाळीस पोरं, सगळी रेषेबाहेर, पुन्हा पुन्हा जनरल रिकॉल, म्हणजे सगळ्यांना परत बोलावून नव्याने सुरुवात. मी एकदा एकाच शर्यतीच्या सुरुवातीसाठी अख्खी दुपार घालवलेली आहे.

वाऱ्याचं गणित त्याहून सोपं. हिवाळ्यात पहाटे मतलई वारे जमिनीवरून येतात आणि दहा-अकरापर्यंत मरतात. मग मधे काही काळ समुद्र तेलासारखा. दुपारी खारे वारे भरतात आणि संध्याकाळपर्यंत टिकतात. म्हणून सकाळी आठला पहिली शर्यत ठेवणं म्हणजे पोरांना उन्हात वाळत घालणं. पावसाळ्यात मुंबईचा समुद्र बंदच धरा. त्या दिवसांत हैदराबादचा हुसेनसागर मात्र जागा होतो, तिथली मॉन्सून रेगाटा त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

वार्षिक परीक्षा, लग्नाच्या तिथी आणि नौदल दिन हेही बघा. ४ डिसेंबरच्या आसपास गेटवेसमोर नौदलाचे कार्यक्रम असतात आणि ते पाणी तुम्हाला मिळणार नाही.

पायरी ३ : पाण्याचा मालक शोधा

पाणी सगळ्यांचं दिसतं, पण प्रत्येक तुकड्याला मालक असतो. मुंबई बंदरात मुंबई पोर्ट ऑथॉरिटी, लहान बंदरांत आणि खाड्यांत महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स, धरणावर जलसंपदा विभाग. मुंबईत याशिवाय नौदल, तटरक्षक दल आणि यलो गेट पोलीस ठाणं यांना लेखी कळवायचं. पत्रासोबत नकाशा जोडा. शर्यतीचं क्षेत्र अक्षांश-रेखांशासह आखा आणि गेटवे-मांडवा, गेटवे-घारापुरी या लाँचांच्या वाटा त्यात दाखवून आपलं वर्तुळ त्यांच्या बाहेर ठेवा. तसा नकाशा पाहिला की समोरच्या अधिकाऱ्याचा चेहरा बदलतो. नाहीतर त्याच्या डोळ्यांसमोर लाँचच्या पुढ्यात उलटलेली दहा पोरं असतात, आणि तो चुकीचा नसतो.

आता जे कोणत्याही पत्रव्यवहारात नसतं ते सांगतो. जवळच्या कोळीवाड्यात जा. सोसायटीच्या चेअरमनला भेटा, चहा घ्या, आपला नकाशा उघडा आणि विचारा, "या दिवसांत डोली कुठे लावणार?" डोल जाळ्याचे खांब आणि बोये पाण्यात कुठे असतात हे सरकारी नकाशावर नसतं. ते त्यांनाच ठाऊक. जाळ्यात होडीचं सेंटरबोर्ड, म्हणजे पाण्याखालची उभी फळी, अडकलं तर शर्यत जाते, जाळं फाटलं तर त्यांचा हंगाम जातो, आणि मग भांडण किनाऱ्यावर येतं. एकदा आम्ही गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी आमच्या वरच्या, म्हणजे वाऱ्याच्या बाजूच्या बोयाच्या शेजारी सहा मासेमारी होड्या मुकाट नांगर टाकून बसल्या होत्या. त्यांनी काही म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

पायरी ४ : नोटीस ऑफ रेस

इथे थांबून नीट वाचा, कारण निम्मी भांडणं या कागदातून निघतात.

नोटीस ऑफ रेस म्हणजे आमंत्रणपत्रिका नव्हे. तो वचननामा आहे. नियमपुस्तकात 'नियम' या शब्दाच्या व्याख्येतच नोटीस ऑफ रेस आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स येतात. म्हणजे तुम्ही जे लिहिलंत ते खेळाडूवर बंधनकारक तसंच तुमच्यावरही. कमिटीने स्वतःच लिहिलेलं मोडलं आणि त्यामुळे एखाद्या होडीचा क्रमांक तिची चूक नसताना बराच खाली गेला, तर ती ज्युरीसमोर रिड्रेस, म्हणजे भरपाई मागू शकते. आणि ती मिळते.

त्यामुळे माझा एकच नियम: पाण्यावर पाळता येणार नाही असं काही लिहू नका. 'वारा ६ नॉटपेक्षा कमी असल्यास शर्यत होणार नाही' असं एका क्लबने मोठ्या काळजीने लिहिलं. काळजी चांगली होती. पण शेवटच्या दिवशी वरच्या बोयाजवळ वारा साडेपाच आणि कमिटी बोटीवर साडेसहा! हरलेल्या प्रत्येकाच्या बापाने त्या संध्याकाळी वाऱ्याचं यंत्र विकत घेतलं असावं. हा निर्णय रेस ऑफिसरच्या अकलेवर सोडायचा असतो, कागदावर आकडा टाकायचा नसतो.

काय काय असायला हवं याची यादी नियमपुस्तकाच्या 'जे' परिशिष्टात आहे, ती समोर ठेवा. आयोजक कोण, स्थळ आणि तारखा, कोणते नियम लागू, कोण पात्र, प्रवेश कसा, फी किती, पहिल्या शर्यतीचा इशारा (सुरुवातीच्या पाच मिनिटं आधीची खूण) किती वाजता, किती शर्यती, गुणपद्धती. तिथे आहे ते पुन्हा लिहीत नाही. नवखे कुठे घसरतात तेवढं सांगतो.

पात्रता. ऑप्टिमिस्टमध्ये ज्या वर्षी मूल १५ वर्षांचं होतं, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत त्याला खेळता येतं. त्यामुळे '१५ वर्षांखालील' असं ढोबळ लिहू नका, जन्मवर्ष लिहा. मूळ जन्मदाखला नोंदणीच्या टेबलावर बघा, मोबाइलमधला फोटो नको. परदेशी खेळाडूंना प्रवेश असेल तर 'राष्ट्रीय विजेता' हा किताब फक्त भारतीयाला की पहिल्या येणाऱ्याला, हे आत्ताच लिहा. बक्षीस समारंभाच्या दिवशी ते ठरवायला बसलात तर बसूनच राहाल.

शर्यतींची संख्या. 'दहा शर्यती होतील' लिहायचं नाही, 'दहा नियोजित आहेत' लिहायचं. किती झाल्या तर अजिंक्यपद ग्राह्य धरायचं तो आकडा वेगळा द्या. गुण साधे असतात: पहिल्याला १, दुसऱ्याला २, आणि शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला. जी होडी सुरूच झाली नाही किंवा बाद झाली, तिला एकूण प्रवेशांपेक्षा एक जास्त गुण. सर्वांत वाईट एक शर्यत वगळली जाते, पण किती शर्यतींनंतर ते तुम्ही ठरवून लिहू शकता. सर्वसाधारणपणे चारपेक्षा कमी शर्यती झाल्या तर काहीच वगळू नये असं लिहितात, मलाही ते पटतं.

शेवटच्या दिवसाची वेळ. 'अखेरच्या दिवशी दुपारी ३ नंतर इशाऱ्याची खूण दिली जाणार नाही' हे वाक्य हवंच. परतीची गाडी सगळ्यांचीच असते. होड्या ट्रकवर चढवायच्या असतात, आणि दक्षिण मुंबईत अवजड वाहनांना दिवसा बंदी असल्याने ट्रक रात्रीच येतो आणि उजाडायच्या आत निघतो.

नोटीस पुरेशी आधी सर्वांना सांगून बदलता येते. सेलिंग इन्स्ट्रक्शन्स मात्र स्पर्धा सुरू असतानाही बदलता येतात, पण लेखी आणि सूचनाफलकावर ठरलेल्या वेळेच्या आत. आता फलक बहुतेक ठिकाणी ऑनलाइन असतो. अधिकृत फलक कोणता ते मात्र एकच ठरवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेली सूचना म्हणजे सूचना नव्हे.

पायरी ५ : माणसं

किमान माणसं अशी: मुख्य रेस ऑफिसर, कमिटी बोटीवर झेंडे, भोंगा, घड्याळ आणि नोंद यांना एकेक, रेषेच्या दुसऱ्या टोकाला एक, बोये टाकणारी बोट, अंतिम रेषेवर दोन, निकालाला एक, मोजमापाला एक आणि ज्युरीत किमान तीन. वायएआयच्या यादीतले राष्ट्रीय रेस ऑफिसर आणि जज मिळवा. ही मंडळी मोजकी असतात आणि वर्षभर आधी ठरलेली असतात. ज्युरी आणि रेस कमिटी ही दोन वेगळी घरं ठेवा. जेवण एकत्र, चर्चा नाही.

सुरक्षा बोटींचा माझा हिशोब दर आठ-दहा लहान मुलांमागे एक जेमिनी किंवा रिब (हवा भरलेल्या रबरी मोटारबोटी), आणि प्रत्येकीत पाण्यात उडी मारू शकेल असा एक जण. आपल्याकडे लष्कर आणि नौदलाच्या मदतीशिवाय मोठी स्पर्धा क्वचितच उभी राहते, त्यांच्या सेलिंग केंद्रांना आधीच विचारा. आणि पेट्रोल रोज संध्याकाळीच भरून ठेवा. सकाळी जेरीकॅन घेऊन पंपावर धावणारा माणूस दुपारी कामाचा राहत नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक बोटीवर चिकटवा, व्हीएचएफ रेडिओचा १६ क्रमांकाचा चॅनेल कोण ऐकणार ते नेमून द्या.

डॉक्टर, रुग्णवाहिका, सावली, पिण्याचं पाणी. यावर लांबण लावत नाही. 'नाडा'चं, म्हणजे उत्तेजक द्रव्यांची चाचणी घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं पथक न कळवता येऊ शकतं, म्हणून स्वच्छतागृह असलेली एक कुलुपाची खोली रिकामी ठेवा.

पायरी ६ : मोजमाप

स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रत्येक होडी तपासली जाते. आयएलसीए ४, ६ आणि ७ यांच्यात होडी तीच, फक्त शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग बदलतो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने आयएलसीए ४ मध्ये रौप्य आणि विष्णु सरवणनने आयएलसीए ७ मध्ये कांस्य मिळवल्यापासून आयएलसीए म्हणजे काय हे पालकांना समजावत बसावं लागत नाही.

ऑप्टिमिस्टचं तपासणं बघायला मजा येते. फुटपट्टीपेक्षा बारीक पोर, हातात दोराचं भेंडोळं. पेंटर, म्हणजे होडी ओढून न्यायचा दोर, किमान ८ मीटर लांब आणि ५ मिलिमीटर जाड, एकसंध हवा. दर वर्षी कोणीतरी दोन दोरांना गाठ मारून आणतं. डोलकाठी अशी बांधलेली हवी की होडी उलटली तरी निसटणार नाही. पाणी उपसायचं भांडं बांधलेलं आहे का? वल्हं आहे का? तपासणीस होडी हातांनी डोक्यावर उचलून हलवतो, आत पाणी खळखळलं की होडी बाजूला. मुलाला रागावू नका. सोबत आलेल्या मोठ्याला यादी द्या आणि संध्याकाळपर्यंत वेळ द्या. तपासणी बाद करायला नसते, उद्या सकाळी सगळ्यांना समुद्रावर न्यायला असते.

पायरी ७ : पाण्यावर

रेषेची लांबी काढायचा ठोकताळा: होड्यांची संख्या गुणिले होडीची लांबी गुणिले दीड. चाळीस ऑप्टिमिस्ट, प्रत्येकी साधारण २.३ मीटर, म्हणजे १३८ मीटर. पाण्याची ओढ असेल तर थोडी वाढवा. रेष वाऱ्याला काटकोनात, डावं टोक किंचित पुढे. निदान अर्धा तास आधी जाऊन दर पाच मिनिटांनी वाऱ्याची दिशा वहीत लिहा. सरासरीवर रेष मांडा, शेवटच्या झुळकीवर नको. नांगराचा दोर खोलीच्या तीन ते पाच पट सोडा. बोयाचा दोर भरतीच्या खोलीला पुरेल असा लागतो, पण ओहोटीला तोच ढिला पडतो आणि बोया भटकतो. म्हणून बोये टाकणाऱ्या बोटीला दर शर्यतीत जागा तपासायला लावा.

सुरुवातीचा क्रम पाठ करा, झोपेत सांगता आला पाहिजे:

५ मिनिटं : क्लासचा झेंडा वर, एक भोंगा.
४ मिनिटं : 'पी', निळ्यावर पांढरा चौकोन, वर, एक भोंगा. होड्या दांडगाई करत असतील तर 'पी'ऐवजी 'यू' किंवा काळा झेंडा.
१ मिनिट : तो झेंडा खाली, एक लांब भोंगा.
० : क्लासचा झेंडा खाली, एक भोंगा.

वेळ झेंड्यावरून धरायची असते. भोंगा वाजला नाही तरी फरक पडत नाही, झेंडा चुकला तर पडतो. कोणी आधी निघालं तर 'एक्स', पांढऱ्यावर निळा उभा-आडवा क्रॉस, आणि एक भोंगा, ताबडतोब. सगळेच निघाले तर पहिला सब्स्टिट्यूट हा झेंडा आणि दोन भोंगे. 'यू' झेंडा लावलेला असताना शेवटच्या मिनिटात पुढे असलेली होडी बाद होते, पण सुरुवात पुन्हा झाली तर ती वाचते. काळ्या झेंड्याखाली वाचत नाही. मुलांच्या स्पर्धेत मी काळा झेंडा शेवटच्या दिवसाआधी पेटीतून काढतच नाही. दोन दिवस रेल्वेने आलेल्या पोराला पहिल्याच दुपारी बाद करून काय मिळणार?

आता माझी चूक ऐका. माझ्या पहिल्या नॅशनल्समध्ये झेंडे माझ्याकडे होते. वारा नव्हता म्हणून दोन तास 'एपी' वर होता, लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा, म्हणजे शर्यत पुढे ढकलली आहे. 'एपी' उतरवला की एक भोंगा, आणि बरोबर एक मिनिटाने क्लासचा झेंडा चढायला हवा. ते मिनिट होड्यांना रेषेकडे यायला दिलेलं असतं. दोन तास उन्हात बसून माझं डोकं उकडलं होतं. वारा आला, रेस ऑफिसर म्हणाले "चला", आणि मी एका हाताने 'एपी' उतरवला, दुसऱ्या हाताने क्लासचा झेंडा चढवला. भोंगाही एकच वाजला. मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. लांब थांबलेल्या होड्या उशिरा पोचल्या. संध्याकाळी ज्युरीपुढे मीच साक्षीदार. तिघांना सरासरी गुण देण्यात आले आणि अजिंक्यपदाचा क्रम बदलला. त्या दिवसापासून झेंडा ओढणाऱ्याच्या हातात मी घड्याळ देत नाही. घड्याळवाला मोठ्याने उलटे आकडे म्हणतो, झेंडेवाला फक्त "ओढ" ऐकतो.

शर्यतीची लक्ष्यवेळ लहान होड्यांना साधारण ५० मिनिटं ठेवतात. वारा मधेच फिरला आणि वरचा बोया एका बाजूला पडला तर 'एन', निळ्या-पांढऱ्या चौकड्या, लावून शर्यत रद्द करायला लाजू नका. पण आघाडीची होडी शेवटच्या बोयाला पोचल्यावर रद्द करणं हा वेगळाच धीर आहे. माझ्याकडे तो नाही.

पायरी ८ : किनारा

पाण्यात उतरताना प्रत्येकाने फळ्यावरचं आपलं टोकन काढायचं आणि परतल्यावर लावायचं. ही टॅली पद्धत सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये लिहा आणि विसरणाऱ्याला छोटा दंड ठेवा. एका संध्याकाळी २७ नंबरचं टोकन नव्हतं. अंधार पडायला आला होता, चार बोटी परत पाण्यात गेल्या, तटरक्षक दलाला फोन लावायला मी क्रमांक फिरवत होतो. २७ नंबर फाटकाबाहेर वडापाव खात होता, टोकन खिशात. त्याला कोणी मारलं नाही, पण त्याच्या प्रशिक्षकाकडे सगळ्यांनी जे बघितलं ते त्याला पुरलं असावं.

प्रोटेस्ट करणाऱ्याने पाण्यावरच, ताबडतोब "प्रोटेस्ट" असं ओरडून सांगायचं असतं. ६ मीटरपेक्षा लहान होडीला लाल झेंडा लावावा लागत नाही, आणि ऑप्टिमिस्ट, आयएलसीए दोन्ही त्यात बसतात. ही गोष्ट सुरुवातीच्या बैठकीत सांगा, नाहीतर "त्याने झेंडा कुठे लावला?" यावरच अर्धी सुनावणी जाते. लेखी अर्जाची मुदत तुम्ही काही लिहिलं नाही तर शेवटची होडी संपल्यापासून दोन तास. मी शेवटच्या दिवशी ती कमी करून लिहितो.

सुनावणीच्या टेबलावर खेळण्यातल्या चार होड्या आणि वाऱ्याच्या दिशेचा बाण ठेवा. अकरा वर्षांची मुलगी त्या होड्या सरकवून "मी स्टारबोर्डवर होते, तो पोर्टवर होता" (म्हणजे तिला वारा उजवीकडून, त्याला डावीकडून) असं जितकं स्वच्छ सांगते, तितकं तिचे वडील कधीच सांगू शकणार नाहीत. म्हणून वडिलांना दाराबाहेर खुर्ची द्या आणि चहाही.

पायरी ९ : आवरताना

निकाल आधी 'तात्पुरता' म्हणून लावा, प्रोटेस्टची मुदत आणि सुनावण्या संपल्यावर अंतिम. प्रमाणपत्रावरची नावं जन्मदाखल्याशी पडताळा, आडनावाच्या एका वेलांटीने पुढे कचेऱ्यांच्या खेपा होतात. अनुदान मिळालं असेल तर मूळ पावत्या आणि खर्चाचा दाखला त्याच आठवड्यात तयार करा, डिझेलची पावती महिन्याभराने कोणालाच सापडत नाही. वायएआयला आणि क्लास संघटनेला निकाल, ज्युरीचे निर्णय आणि अपघाताची नोंद पाठवा.

मग ट्रक भरून गेला की दुसऱ्या दिवशी बोये, नांगर आणि दोर मोजा. एक बोया नेहमी कमी भरतो. तो कोळीवाड्यात कुणाच्यातरी अंगणात, जाळ्यांच्या ढिगाशेजारी पडलेला असतो, रात्री वाहत आलेला. मिठाईचा डबा घेऊन जा, बोया घ्या, आणि पुढच्या वर्षीच्या तारखा तिथेच सांगून या.